हत्तिणीने खाल्लेली पाने

रानातले प्राणी पानांवर ओरखडून निरोप धाडत, तेव्हाची ही गोष्ट. म्हाताऱ्या हत्तिणीच्या दारात लबाड पानांचा खच पडे. ‘लवकर ये, फुकटचा ऊस आहे!’ ती धापा टाकत जाई आणि फसून परत येई. शेवटी तिने भुऱ्या मुंगसाला दारावर बसवले आणि रागाने साठवलेली सगळी लबाड पाने त्याच्यापुढे ओतली. “हे नीट बघून ठेव. असलं काही आलं की फेकून दे.”

खरी पाने तिच्याकडे नव्हतीच. लेकीचा निरोप वाचून झाला की ती ते पान मायेने खाऊन टाकी.

भुऱ्या मन लावून शिकला. दार स्वच्छ राहू लागले.

एका सकाळी लेक चिखलाने माखून आली. “आई, ‘लवकर ये, पिल्लू दलदलीत रुतलंय’ असं पान धाडलं होतं. तू आलीच नाहीस. गेलं गं ते.”

हत्तीण मुंगसावर कडाडली, “मेल्या, माझ्या लेकीचं पान फेकलंस?”

भुऱ्या म्हणाला, “आजी, तुम्ही दाखवलेल्या प्रत्येक पानावर ‘लवकर ये’ होतं. खरं पान मी कधी पाहिलंच नाही.”

हत्तिणीची सोंड खाली गेली. तिने कचऱ्यातून ते पान शोधले, पुसले आणि न खाता त्याच्यापुढे ठेवले.

“हे खरं होतं,” ती म्हणाली. “आता यावरून शीक.”