अध्यक्षीय चर्चा आणि ठकूआत्याची तहान

एका रानात एक पाणवठा होता आणि एक लोकशाही होती. पाणवठा जुना, लोकशाही त्यामानानं नवी. उन्हाळ्यात पाणवठ्याचं पाणी कमी व्हायचं. लोकशाहीला मात्र उन्हाळ्यातच उधाण यायचं, कारण निवडणुका मोहाच्या फुलांबरोबर येत.

रानाचे अध्यक्ष होते चित्रांगदराव बिबटे. पाच वर्षांत त्यांनी एकच काम केलं होतं, पण मन लावून केलं होतं. ‘हरित पाणवठा’ योजनेखाली त्यांनी पाण्याच्या अगदी काठापर्यंत करवंदाच्या जाळ्या वाढवून घेतल्या. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, “पाणी पिताना प्रत्येक नागरिकाला सावली मिळालीच पाहिजे!” सावली मिळाली. तेव्हापासून पाण्यावर गेलेली अकरा चितळं परत आली नाहीत. सरकारी कागदांत ती ‘स्थलांतरित’ होती.

विरोधी पक्षनेते होते हसमुखराव तरस. या अकरा जणांसाठी त्यांचं काळीज तीळतीळ तुटायचं. प्रत्येक वेळी घटनास्थळी ते सर्वांत आधी पोहोचत आणि सर्वांत शेवटी, तोंड पुसत, निघत. मागे पुरावा म्हणून हाडूकसुद्धा राहत नसे. तरीही सरकारनं पुरावे नष्ट केले असा त्यांचा जाहीर आरोप होता.

मतदार म्हणजे मुख्यतः चितळं. कळपात सर्वांत वयस्कर ठकूआत्या. तिची लेक सोनसळी नुकतीच व्यायली होती. पाडस दहा दिवसांचं, नाव पिंजरी. पण पाणवठ्यावर जायची सोय नाही, दवावर आणि ओल्या पाल्यावर आईचं दूध उतरेना, आणि पिंजरी दिवसभर कोरड्या आचळाला ढुसण्या देत उभी असायची. ठकूआत्याला राजकारणातलं फारसं कळत नव्हतं. तिला पाणी पाहिजे होतं.

चितळांचा आणि वानरांचा एक पिढ्यान्‌पिढ्यांचा करार आहे. वानरानं शेंड्यावर बसून पाला खाली टाकायचा आणि बिबट्या दिसला की खाकरायचं. खाकरणं ऐकलं की चितळांनी शेपट्या वर करून सुटायचं. या कळपाचं वानर होते शेंडेअण्णा. उभं आयुष्य त्यांनी इमानानं खाकरण्यात घालवलं होतं.

पुढे वनखात्याच्या साहेबाचं विश्रामगृह ओस पडलं आणि तिथला टीव्ही मोहाखालच्या माळावर आला. तो कशावर चालतो हे कुणी विचारलं नाही. लोकशाही कशावर चालते हेही कुणी विचारत नव्हतं. त्यावर ‘पानोपान’ ही वाहिनी दिसायची आणि ती सातभाई पक्षी चालवायचे. सातही जण एकदम बोलत, आणि मग सातही जण म्हणत, “एक एक जण बोला, प्रेक्षकांना काही कळत नाहीये!”

अध्यक्षपदाच्या पहिल्या जाहीर चर्चेला अख्खा कळप माळावर जमला. पडद्यावर चित्रांगदरावांचं तोंड आलं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, “माझ्या प्रिय चितळांनो...”

शेंडेअण्णा जन्मभराच्या सवयीनं खाकरले, “खॅक्! खॅक्!”

क्षणात दोनशे शेपट्या वर झाल्या आणि माळ रिकामा झाला. हसमुखरावांची पाळी आली तेव्हा समोर एक आंधळी म्हातारी चितळीण आणि दोन शेणकिडे उरले होते.

सातभाईंनी लगेच निकाल दिला. ‘पानोपान’च्या शेपूट सर्वेक्षणानुसार, अध्यक्षांच्या पहिल्याच वाक्याला दोनशे मतदारांनी शेपटी उंचावून पाठिंबा दिला होता, आणि पुढचा प्रचार करायला ते धावतच घरी गेले होते. “लाट! लाट! लाट!” सातभाई ओरडले.

दुसऱ्या दिवशी दाट रानात लपलेल्या कळपात प्रतिक्रिया सुरू झाल्या.

“मले त अध्यक्ष आवडले,” शिंगाडे पाटील म्हणाले. हा कळपाचा मोठ्या शिंगांचा नर. “नजर पाह्यली का? थेट माह्याच डोयात पाहत होते.”

“पाटील, त्यायले मान पाहाची सवयच हाये,” ठकूआत्या म्हणाली.

“पन काय तो आवाज! मले त अंगावर काटाच आला.”

“मलेबी आला. म्हनूनच मी पयालो.”

“तू पयाली नाही, आत्या. तू लाटेत होती,” पाटील म्हणाले. त्यांनी सकाळच्या बातम्या ऐकल्या होत्या.

हसमुखरावांनी तक्रार केली. निवडणूक अधिकारी कासव यांनी तीन दिवसांत निर्णय दिला, जो त्यांच्या मानानं घाईतच होता. निर्णय असा: प्रक्षेपण चालू असताना खाकरणं म्हणजे मतदारांवर प्रभाव टाकणं. सबब वानरांनी खाकरू नये. शेंडेअण्णांची नोकरी गेली असं मात्र कुणी म्हणू नये. ‘पानोपान’नं त्यांना राजकीय विश्लेषक म्हणून घेतलं. पूर्वी ते बिबट्या आला एवढंच सांगत. आता बिबट्या का आला, याचं तीन अंगांनी विवेचन करू लागले.

दुसऱ्या चर्चेला मतदारांचे प्रश्न घेणार होते. ठकूआत्यानं सातभाईंकडे एकच प्रश्न दिला: “करवंदाच्या जाळ्या पाण्यापासून पन्नास पावलं मागं घेता का?” प्रश्न साधा होता, म्हणून तो शेवटी ठेवण्यात आला.

चर्चा दुपारी लागली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘थेट’ लिहिलं होतं. दोन्ही नेत्यांपुढे पाण्यानं काठोकाठ भरलेली एकेक पितळी होती. शेंडेअण्णा मध्ये बसले होते. बराच वेळ हसमुखराव चित्रांगदरावांना “खादाड” म्हणत होते आणि चित्रांगदराव त्यांना “उष्टखाऊ” म्हणत होते. यात कुणाचंच काही खोटं नव्हतं, त्यामुळे चर्चेची पातळी उंच आहे असं सर्वांना वाटलं.

मग आत्याचा प्रश्न आला. अध्यक्ष म्हणाले, “काही शक्तींना आपली सावली बघवत नाही! आज हे जाळ्या मागे घ्या म्हणतात, उद्या रान मागे घ्या म्हणतील! चालेल का?”

“नाही चालनार!” शिंगाडे पाटील ओरडले. त्यांचा घसा कोरडा पडला होता, तरी ओरडले.

हसमुखराव म्हणाले, “माझं सरकार आलं तर प्रत्येक जाळीमागे काय चालतं याची चौकशी होईल. मी स्वतः जाळीमागे बसून ती करीन!”

पुन्हा शेपट्या वर झाल्या, या वेळी पाठिंब्याच्या. ठकूआत्याची झाली नाही. ती पितळीकडे बघत होती. अध्यक्ष सात वेळा पाणी प्याले होते, विरोधी नेते नऊ वेळा. तिच्या मागे पिंजरी आईला ढुसण्या देत होती आणि सोनसळी मान खाली घालून उभी होती. आत्याला राग आला. असा राग तिला वयात आल्यापासून आला नव्हता. आणि रागाबरोबर तिच्या डोक्यात एक विचार आला.

ती सोनसळीच्या कानाशी म्हणाली, “दोघंबी तिकडं टीव्हीत हायेत. मंग पान्यावर कोन हाये?”

सोनसळीनं मान वर केली. “कोनीच नाही?”

“तू लेकराजवळ थांब. मी पाहून येतो. सारं ठीक असन त तुले न्याले येतो.”

भर उन्हात आत्या एकटी निघाली. पाणवठ्याजवळ आली तर जाळीतून बोलणं ऐकू आलं.

“मला चारचौघांत खादाड म्हणालास, ते जरा जास्तच झालं हं.”

“लोकांना आवडतं रे ते. तूही उष्टखाऊ म्हणालासच की.”

“बरं, ती मांडी सरकव इकडे.”

करवंदाच्या गार सावलीत अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते एकाच रानडुकरावर बसले होते. चर्चा सकाळीच उरकली होती. आता दुपारी तिचं थेट प्रक्षेपण चालू होतं. ठकूआत्या मान लांबवून बघत राहिली. तेवढ्यात वारा फिरला आणि चित्रांगदरावांनी नाक वर केलं. खाणं थांबलं. पोट मातीला टेकलं आणि अंग जमिनीसरसं झालं.

वर जांभळाच्या शेंड्यावर शेंडेअण्णा होते. सकाळचं विवेचन आटोपून ते मानधनाची जांभळं खात बसले होते. खाली काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. निवडणूक अधिकाऱ्यांचा हुकूमही आठवत होता. त्यांनी एक जांभूळ तोंडात टाकलं. मग ते थुंकून टाकलं.

“खॅक्!” ते खाकरले. “खॅक्! खॅक्! पय, आत्या, पय!”

आत्या पळाली. अशी पळाली की माळावर येऊन थेट टीव्हीपुढेच कोसळली. मागोमाग झाडाझाडांवरून शेंडेअण्णाही आले. आत्यानं धापा टाकत सगळं सांगितलं.

“काहीतरीच काय, आत्या!” शिंगाडे पाटील म्हणाले. “नेते हे काय समोर बोलून राह्यले. ‘थेट’ लिवलं हाये ना तिथं?”

“अन् हा कोन हाये मंग?” आत्यानं शेंडेअण्णांकडे मान केली.

पाटलांनी झाडाकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. पडद्यावरचे शेंडेअण्णा म्हणत होते, “मी या क्षणी आपल्याशी थेट बोलतोय...” झाडावरचे शेंडेअण्णा पाय खाजवत होते.

“दोघांतला खरा कोनचा?” पाटलांनी विचारलं. “टीव्हीतला जास्त हुशार वाटते.”

पण बाकीच्या कळपाला कळायचं ते कळलं. गलका झाला. कुणी म्हणालं, दोघांचेही राजीनामे मागू. कुणी म्हणालं, टीव्ही फोडू.

“काही फोडू नका,” ठकूआत्या म्हणाली. “राजीनामा देऊन ते जातीन कुठं? करवंदाच्या जाईतच जाऊन बसतीन. त्यायले बोलू द्या. फक्त आपल्या डोयापुढं बोलू द्या. या माळावर, उघड्यावर, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. अन् रोज.”

मागणी लोकशाहीला इतकी धरून होती की कासवांना नाही म्हणता येईना. चित्रांगदरावांना वाटलं, आपण नाही म्हटलं तर हसमुखराव आपल्याला पळपुटा म्हणतील. हसमुखरावांनाही तेच वाटलं. दोघंही आले.

ठरलेल्या सकाळी माळावर चर्चा सुरू झाली आणि अध्यक्ष म्हणाले, “माझ्या प्रिय चितळांनो...” अर्धा कळप समोर बसला. उरलेला अर्धा, सोनसळीला पुढे घालून, गुपचूप पाणवठ्यावर गेला. पाणी पिऊन ते परत आले, मग बसलेले गेले. सोनसळी इतकं पाणी प्याली की ठकूआत्या तिच्याकडे बघत रडली, आणि संध्याकाळी पिंजरीच्या तोंडाला दुधाचा पांढरा फेस होता. समोर बसणाऱ्यांनी शेपट्या मात्र सतत वर ठेवायच्या, असं ठरलं होतं. शेपटी खाली आली की नेते आवरतं घेतात, हे आत्यानं हेरलं होतं.

चर्चेला आता चौथा महिना लागला आहे. सर्वेक्षणात दोघंही नव्याण्णव टक्क्यांवर आहेत. मुद्दे संपले नसल्यामुळे मतदान पुढे ढकललं आहे. दोघांचेही घसे बसलेत, बरगड्या दिसू लागल्यात, आणि रात्री ते बोलून बोलून इतके दमलेले असतात की पडल्या जागी झोपतात. समोरच्या वर झालेल्या शेपट्या पाहिल्या की मात्र अंगात नवं बळ येतं, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. पाहुण्या पत्रकार कावळ्यानं या जागरूक मतदारांचं कौतुक करून विचारलं, की दोघांपैकी तुम्हाला कुणाचं पटतं?

कळपानं ठकूआत्याकडे बघितलं. आत्या सावकाश रवंथ करत होती.

“आमी अजून आयकलंच नाही,” ती म्हणाली. “पन चर्चा संपली नाही पाहिजे, एवढीच जनतेची मागनी हाये. संपली का दोघायलेबी भूक लागते.”