राजकन्येच्या बारशाची जागा

एका राज्यात, जिथे डोंगरांना वाचा होती आणि तळ्यांना आठवण होती, अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची राणी रत्नमाला, आणि धाकटी बहीण सुवर्चला. सुवर्चला बोलायची थोडे आणि ऐकायची फार. पण एकदा मनाशी ठरवून निघाली, की तिला कुणी थांबवू शकत नसे.

पुष्कळ नवससायासांनी राजाला कन्या झाली. हत्तीवरून साखर वाटली. बारसे राजवाड्यातल्या आनंदमंडपात करायचे ठरले. त्या मंडपाचे खांब सोन्याचे होते. थोरल्या महाराजांनी, म्हणजे अरिंजयाच्या वडिलांनी, अघोरकेतू मांत्रिकाचा खजिना जिंकून आणला आणि त्या सोन्याचा मंडप उभारला, असे भाट गात असत. खजिना कसा जिंकला, हे मात्र ते गात नसत.

बारशाच्या दिवशी मंडप पाहुण्यांनी भरून गेला. पाळण्याला मोगऱ्याच्या माळा लावल्या. सुवर्चला आत्या म्हणून पुढे झाली, बाळाच्या कानाशी वाकली आणि तिने नाव उच्चारले. ओठ हलले, पण आवाज उमटला नाही. तिने पुन्हा उच्चारले. पुन्हा तेच. इतक्यात सोन्याच्या खांबांतून एक खोल स्वर आला :

"अरिंजया, तुझ्या बापाने माझ्या घरचा आनंद उधळला. तुझ्या लेकीचे नाव तुझ्या मालकीच्या कुठल्याही जागी उमटणार नाही. नावावाचून ती हलकी होत जाईल, आणि एके दिवशी आभाळात निघून जाईल."

स्वर थांबला, आणि सावरीचा कापूस उडावा तशी राजकन्या पाळण्यातून वर उचलली गेली. राणीने झेप घेऊन तिचे झबले धरले म्हणून ती हाती राहिली.

राजाने दरबार बोलावला. प्रधान म्हणाला, "महाराज, नदीकाठी बारसे करू. तिथे मोकळे आभाळ आहे." सेनापती म्हणाला, "किल्ल्यावर करू. तिथे शाप चढणार नाही." राजपुरोहित म्हणाला, "देवळाच्या सभामंडपात करू." तिन्ही जागी पाळणा नेला आणि नाव घेऊन पाहिले. पण नदीकाठ राजाचा, किल्ला राजाचा, आणि सभामंडपही राजानेच बांधलेला. नाव कुठेच उमटले नाही. राजकन्या मात्र रोज अधिक हलकी होत गेली. राणीने तिला रेशमी दोरीने स्वतःच्या कमरेशी बांधून घेतले.

राजवाड्याच्या बागेत शिरीषाच्या झाडावर एक म्हातारा भारद्वाज राहत असे. तांब्याच्या रंगाचे पंख, गुंजेसारखे लाल डोळे. तो माणसांशी क्वचितच बोले. सुवर्चला झाडाखाली जाऊन हात जोडून उभी राहिली.

"पक्षिराज, माझ्या भाचीचे नाव कुठे उमटेल?"

भारद्वाज म्हणाला, "रिकामा पाळणा घेऊन नीघ. जी जागा बाळाला मनापासून बोलावते, तिथे पाळणा आपणहून हलतो. तीच जागा तुझी."

"अशा जागा आहेत कुठे?"

"राज्याबाहेर तीन जागा मला ठाऊक आहेत. दोन सांगेन. तिसरी सांगायची वेळ न येवो."

सुवर्चलेने शिवणीच्या एकाच ओंडक्यातून कोरलेला, गोल बुडाचा पाळणा डोक्यावर घेतला. राणी म्हणाली, "वन्सं, सोबत शिपाई न्या." सुवर्चला म्हणाली, "वहिनी, बारशाचे आमंत्रण द्यायला शिपाई कशाला?" आणि राजाची बहीण अनवाणी पायांनी, डोक्यावर पाळणा घेऊन, पक्ष्याच्या मागोमाग चालू लागली. वाटेतले लोक कामे टाकून तिच्याकडे पाहत राहिले.

पहिली जागा होती नागराज पुंडरीकाचा स्फटिकमहाल, निळ्या तळ्याच्या तळाशी. नागराज पाण्याबाहेर फणा काढून म्हणाला, "राजकन्ये, महाल देईन. पण पाळणा आतून कोरडा राहील असा खाली आणून दाखव."

सुवर्चलेने क्षणभर विचार केला. मग कमरेला दगड बांधले, पाळणा डोक्यावर उपडा धरला आणि ती पाण्यात उतरली. पाळण्याच्या पोटात हवा कोंडून राहिली. त्या हवेत श्वास घेत ती पायऱ्या उतरत तळाशी पोचली, आणि पाळणा आतून कोरडाच राहिला. नागराजाने फणा डोलावून तिची वाहवा केली.

महाल आतून कोरडा आणि खरोखर अद्भुत होता. भिंतींतून मासे पोहत होते, जमिनीवर चांदणे पसरले होते, आणि जिथे पाहावे तिथे आपलेच रूप शंभर पटींनी सुंदर दिसत होते. सुवर्चलेने पाळणा खाली ठेवला. पाळणा हलला नाही.

"माझ्या महालात काय उणे आहे?" नागराजाने विचारले.

"उणे काहीच नाही, महाराज. पण इथे आलेले पाहुणे महाल पाहतील आणि स्वतःला पाहतील. बाळाला कोण पाहणार?"

नागराज हसला. "आजवर इथे आलेल्या एकाही राजाला हे सुचले नाही," तो म्हणाला, आणि त्याने तिला स्वतःच्या पाठीवर बसवून काठावर सोडले.

दुसरी जागा होती चित्रांगी यक्षिणीचे उद्यान, ढगांच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. दाराशी दोन दगडी हत्ती उभे होते. डोंगर उभा राहिला त्या दिवसापासून त्यांनी डोळा मिटला नव्हता, आणि ते कुणालाही आत सोडत नसत. सुवर्चलेने त्यांच्या डोळ्यांत पाहिले. ते डोळे तिला रागीट वाटले नाहीत, फक्त शिणलेले वाटले. ती त्यांच्या पायांशी बसली आणि रिकाम्या पाळण्याला हाताने झोके देत अंगाई गाऊ लागली. आधी एकाचे कान खाली आले, मग दुसऱ्याची सोंड सैल पडली. दोघे दगडी हत्ती गुडघे टेकून घोरू लागले. दार आपोआप उघडले.

आत झाडे मृदंग वाजवीत होती, वेली नाचत होत्या, फांद्या पाहुण्यांच्या पानांत पुरणपोळ्या वाढीत होत्या. यक्षिणी म्हणाली, "माझ्या हत्तींना आज विसावा दिलास. उद्यान तुझे. सारे राज्य इथे एका पंगतीत जेवेल."

सुवर्चलेने पाळणा ठेवला. तो हलला नाही.

"देवी, उद्यान डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. पण नाव कानात सांगायचे असते, आणि तेही हळू. या वाद्यांत बाळालाच ते ऐकू येणार नाही."

यक्षिणीने तिच्या गालावरून हात फिरवला. "तुझ्या भाचीला आत्या भाग्याची मिळाली," एवढेच ती म्हणाली.

डोंगर उतरल्यावर भारद्वाज एका फांदीवर बसला आणि पुढे उडेना. सुवर्चला म्हणाली, "पक्षिराज, तिसरी जागा."

"तिसरी जागा अघोरकेतूचे अंगण," तो म्हणाला. "ज्याने शाप दिला, त्याचे."

सुवर्चलेने पाळणा पुन्हा डोक्यावर घेतला.

मांत्रिकाचे घर माळावर एकटे उभे होते. घर साधे, मातीचे. अंगण मात्र नुकतेच सारवलेले होते. सुवर्चला दिसताच अंगणाभोवतीची जमीन लाल निखारा झाली, आणि आतून आवाज आला, "कोण?"

"सुवर्चला. अरिंजय राजाची बहीण."

"वैऱ्याची लेक माझ्या दारी कशाला?"

"तुमचे अंगण मागायला."

"मग ये चालत."

ती निखाऱ्यांवरून चालत गेली. तळपाय भाजले, डोळ्यांत पाणी आले, पण पाऊल चुकले नाही की पाळणा कलंडला नाही. ती अंगणात पोचली तेव्हा दारात एक वाकलेला म्हातारा उभा होता. त्याने मंत्रासाठी हात उचलला होता, तो तसाच राहिला.

सुवर्चलेने पडवीच्या तुळईकडे पाहिले. तिथे दोन कड्या होत्या, तेल घालून जपलेल्या. खाली काहीच टांगलेले नव्हते.

"बाबा, इथला पाळणा कुठे गेला?"

म्हातारा त्या कड्यांकडे पाहू लागला. मग म्हणाला, "ज्या दिवशी माझ्या लेकीचे बारसे होते, त्याच दिवशी तुझ्या बापाचे घोडेस्वार आले. सोने नेले, त्याचे मला दुःख नाही. त्यांनी पाळणा मोडला. पाहुणे पळाले. मानलेली बहीण आत्या म्हणून आली होती, ती त्या धावपळीत कुठे गेली, कळले नाही. आम्हा मांत्रिकांच्या कुळात मूल कापसासारखे हलके जन्मते. आत्याने पाळण्यात नाव सांगितले, की ते जमिनीवर ठरते. माझी लेक नावावाचून राहिली. ती वर जात होती, आणि मी इथे उभा राहून पाहत होतो. हाक मारायला तिला नावच नव्हते."

सुवर्चला खाली बसली. "भाटांनी आम्हाला पराक्रम सांगितला," ती म्हणाली. "हे सांगितले नाही."

"आता ऐकलेस. जा."

"तुमच्या लेकीला दुसरी आत्या आहे?"

"नाही. त्या दिवसानंतर या दारात कुणी आले नाही."

"मग मला बहीण माना."

मांत्रिकाने तिच्या भाजलेल्या पायांकडे पाहिले. त्याचा उचललेला हात खाली आला. त्याने आतून दोर आणला आणि स्वतःच्या हातांनी पाळणा कड्यांना टांगला.

वारा पडला होता. पान हलत नव्हते. पाळणा हलला. आधी जरासा, मग चांगला मोठा झोका घेऊन.

मांत्रिकाने लेकीसाठी योजलेले नाव इतकी वर्षे ओठांवर आणले नव्हते. ते त्याने सुवर्चलेला सांगितले. ती रिकाम्या पाळण्याशी वाकली आणि हळूच म्हणाली, "मेदिनी."

वर, फार वर, ढगात काहीतरी हलले. मग एक तान्ही मुलगी, जशी गेली होती तशीच, अलगद खाली उतरत आली. ढगांत वय वाढत नाही. ती पाळण्यात टेकली, तिने मूठ चोखली, आणि भूक लागल्यासारखी रडू लागली. साऱ्या राज्याला धाक घालणारा अघोरकेतू गोंधळून गेला. "हिला काय देऊ? आता काय करू?" असे विचारत तो घरभर फिरू लागला.

सुवर्चलेने त्याला दुधात कापूस भिजवून कसा द्यायचा ते दाखवले. लेक निजल्यावर मांत्रिक म्हणाला, "ताई, शाप मागे घेतला. भाचीचे नाव आता कुठेही उमटेल. नाव ठेवले की ती जमिनीवर ठरेल. तुमच्या सोन्याच्या मंडपात थाटाने बारसे करा."

"नाही दादा. बारसे इथेच. पाळणा इथे हलला."

भारद्वाज हा निरोप घेऊन राजवाड्याकडे उडाला. राजाने सारे ऐकले आणि मान खाली घातली. मग त्याने मंडपाचे सोन्याचे खांब उतरवले, बैलगाड्यांत घातले आणि तो मांत्रिकाच्या घराकडे निघाला. राणीच्या कमरेला बांधलेली राजकन्या आता इतकी ओढत होती, की चालताना राणीच्या टाचाही जमिनीवर टेकत नव्हत्या. राजाने वाटभर तिचा हात सोडला नाही.

अंगणापाशी राजाने मुकुट उतरवला. "माझ्या वडिलांनी अन्याय केला. मी तो मिरवला. क्षमा असावी."

अघोरकेतू म्हणाला, "राजा, आत ये. पाहुण्याला कुंपणाबाहेर उभे करायची आमची रीत नाही."

बारशाला राजा, राणी, सुवर्चला, मांत्रिक आणि कुंपणावरचा भारद्वाज, एवढेच होते. घुगऱ्या मांत्रिकानेच शिजवल्या. मीठ जरा जास्त पडले. मेदिनीच्या शेजारी राजकन्येला निजवले आणि राणीने दोरी धरून ठेवली. सुवर्चला वाकली आणि भाचीच्या कानात म्हणाली, "वसुमती."

नाव उमटले. साऱ्यांनी ऐकले. पाळण्याचे दोर ताणले गेले, तुळई करकरली, राणीच्या हातातली रेशमी दोरी सैल पडली. राणीने लेकीला उचलून घेतले आणि राजधानीपर्यंत कुणाच्याही हाती दिले नाही. हात भरून आले तरी दिले नाही.

पुढे राजाने भाटांना बोलावून जुने कवन बदलायला लावले. खजिना मांत्रिकाने परत घेतला आणि त्यातून माळावर विहीर खणली, झाडे लावली, पाहुण्यांसाठी पडवी वाढवली. ज्यांना आपले कार्य करायला जागा नसे, ते त्याच्या अंगणात येऊ लागले. मोठे कार्य असले, की राजाही आधी बहिणीला विचारी, आणि मगच मांडव घाली. सुवर्चलेला दर भाऊबीजेला दोन घरी ओवाळायला जावे लागे. सकाळी राजवाडा, दुपारी माळ. माळावर तिला नेहमी उशीर होई, कारण म्हातारा भाऊ तिला जेवल्यावाचून सोडत नसे.

त्या अंगणात जसे आनंदाचे बोल उमटले, तसे ऐकणाऱ्यांच्या घरीही उमटोत. बाळे निजली आहेत. आता सांगणाऱ्याने थांबावे, आणि ऐकणाऱ्यांनी हलक्या पावलांनी उठावे.