खवल्याची लेक आणि उन्हाळी वर्ग

डोंगरउतारावरच्या एका सागाच्या जंगलात एक खवल्या मांजर आपल्या एकुलत्या एका लेकीसोबत राहत असे. मुलांनो, खवल्या मांजर म्हणजे आपल्या घरातल्या मांजरासारखे मांजर नव्हे. त्याच्या अंगभर टणक खवले असतात, लांब जिभेने ते मुंग्या आणि वाळवी खाते, आणि भीती वाटली की तोंड पोटाशी घेऊन गोल वळते. मग कुणी कितीही दात लावले तरी उपयोग होत नाही. या आईने लेकीला जन्मल्यापासून एवढी एकच गोष्ट शिकवली होती, "कुणी आलं की गोल हो. गेलं की उघड." लेक आईच्या शेपटीवर बसून हिंडे. वाटेत साधी खार दिसली तरी ती चेंडू होऊन खाली पडे. आईखेरीज कुणाशी बोलायचे असते, हे तिला ठाऊकच नव्हते.

एका वर्षी थंडीत आईचा पाय एका फासात अडकला. दोन दिवस ती तशीच अडकून होती आणि लेक तिच्या शेजारी गोल होऊन बसून राहिली. जवळून सांबरे गेली, वानरे गेली. पण कुणाला हाक मारावी, हे लेकीच्या मनातही आले नाही. फासाची खुंटी कुजकी होती म्हणून शेवटी मोडली आणि आई सुटली. पाय मात्र कायमचा अधू झाला. लंगडत घरी येताना आई प्रथमच विचारात पडली.

त्या जंगलात उन्हाळा कडक असे. फाल्गुनातच नदी आटे आणि एक डोह तेवढा उरे. पावसाळ्यात जो तो आपल्या जागी पाणी पिई, कुणाचा कुणाशी संबंध येत नसे. उन्हाळ्यात मात्र साऱ्यांना एकाच काठावर यावे लागे आणि रोज धक्काबुक्की होई. दोन वर्षांपूर्वी अशाच रेटारेटीत भेकराचे एक पाडस पायांखाली येऊन मेले होते. तेव्हापासून एका म्हाताऱ्या नीलगायीने एक काम अंगावर घेतले होते. चैत्र लागला की रोज उन्हे उतरल्यावर ती डोहाजवळच्या मोहाच्या झाडाखाली सगळ्या पिल्लांना जमवी आणि चारचौघांत कसे राहायचे ते त्यांना शिकवी. याला जंगलात सगळे उन्हाळी वर्ग म्हणत.

आई लेकीला घेऊन मोहाखाली गेली. "आजी, हिला थोडं बोलायला शिकवा," ती म्हणाली. "मी काही हिला जन्मभर पुरणार नाही."

"बोलायला मी शिकवत नाही गं बाई," नीलगाय म्हणाली. "ते पोरंच एकमेकांना शिकवतात. मी आपली भांडणं सोडवते. ठेव तिला."

पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपण कोण, कुठे राहतो आणि आपल्याला काय आवडते, एवढेच सांगायचे होते. वानराचे पोर आपले सांगून झाल्यावर दुसऱ्यांचेही सांगू लागले. रानडुकराचे पिल्लू ढुशी देऊन पुढे घुसले. चितळाचे पाडस "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत इतके मागे गेले की त्याचे सांगायचेच राहिले. खवल्याच्या लेकीची पाळी आली तेव्हा सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले, आणि ती गपकन गोल झाली.

"अरे, हा तर चेंडू!" वानराचे पोर ओरडले आणि त्याने तिला लाथेने ढकलले. चेंडू उतारावरून गडगडत कोरड्या नदीत जाऊन पडला. सगळी पिल्ले हसली.

नीलगाय कुणावर ओरडली नाही. ती वानराच्या पोराला घेऊन खाली उतरली. "तिला विचारलं होतंस, ढकलू का म्हणून?"

"ती बोलतच नाही, आजी."

"मग बोलेपर्यंत इथं बस."

वानराच्या पोराला एका जागी बसायची सवय नव्हती. त्याने कान खाजवला, शेपूट मोजल्यासारखी चाचपली, ते दोनदा उठले आणि नीलगायीने बघताच दोनदा बसले. फार वेळाने चेंडूला एक फट पडली. त्यातून एक डोळा दिसला.

"मला लागलं," लेक म्हणाली. आईखेरीज दुसऱ्या कुणाला तिने सांगितलेले हे पहिले वाक्य होते.

वानराचे पोर चकित झाले. "तुला लागतं? मला वाटलं, तू दगडासारखी आहेस."

"लागतं. खवल्यांच्या खाली लागतं."

"मग चुकलं माझं," वानराचे पोर म्हणाले. जरा थांबून त्याने विचारले, "तुला काय आवडतं? तेवढं सांगायचं राहिलंय तुझं."

"वाळवी," लेक म्हणाली.

यानंतर वर्ग रोज भरू लागला. एका मोठ्या खडकावर एकेकाने चढायचे आणि पलीकडे उडी मारायची, असा एक खेळ होता. डुकराचे पिल्लू मध्ये घुसले की नीलगाय त्याला सगळ्यात मागे उभे करी. पाडस आपली पाळी दुसऱ्याला देऊन मागाहून मुसमुसे, तेव्हा ती त्यालाही रागावे. "आपली पाळी सोडून रडणं हा चांगुलपणा नव्हे. हवी असेल तर हवी म्हणावं." वानराच्या पोराला तिने सगळ्यात अवघड काम दिले होते. दुसरा बोलत असला की शेपूट तोंडात धरून बसायचे. खवल्याची लेक मोठा आवाज झाला की अजूनही गोल होई. पण आता लवकर उघडे. वैशाख लागेपर्यंत ती पाडसाशी रोज चार-सहा वाक्ये बोलू लागली होती. डुकराच्या पिल्लाला तर तिने एकदा "माझ्या शेपटीवर पाय देऊ नकोस" असे स्पष्ट सांगितले होते.

पण त्या वर्षी ऊन फारच तापले. वैशाखाच्या मध्यावर डोहाचा चिखल झाला. मोठ्या जनावरांनी ठरवले की जंगल सोडायचे आणि डोंगरापलीकडच्या तलावावर जायचे. वाट लांबची होती. मध्ये डांबरी रस्ता होता, शेते होती, गावची कुत्री होती. मागे एकदा अशीच पाळी आली होती, तेव्हा निघालेल्या पिल्लांपैकी निम्मीसुद्धा तलावापर्यंत पोचली नव्हती. हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून कुणी त्याबद्दल फारसे बोलत नव्हते.

खवल्याच्या घरी मात्र पाणी होते. नदीच्या वळणावर दरडीखाली आईने वाळूत खोल खणले होते आणि तिथे झिरा लागला होता. ओंजळभर पाणी तळाशी जमे. प्यायले की हळूहळू पुन्हा भरे. मायलेकी रोज तेच पाणी पीत.

"आई, झिऱ्याचं सगळ्यांना सांगूया," लेक म्हणाली.

"मुळीच नाही. पाणी सांगितलं की पाणी संपलं. आणि त्या गर्दीत आपली जागाही जाईल."

"पाडसाचे पाय बारीक आहेत. ते तलावापर्यंत चालणार नाही."

"ते त्याची आई बघेल."

"तू फासात होतीस तेव्हा तुझं कुणी बघितलं नाही," लेक म्हणाली. "मी हाक मारली असती तर कुणीतरी आलं असतं. मी आज सांगणार आहे."

 आई तोंड पोटाशी घेऊन गोल झाली. लेक तिच्या शेजारी बराच वेळ बसली. आई उघडली नाही. तेव्हा लेक एकटीच डोहाकडे निघाली. आजवर ती इतकी लांब एकटी कधी गेली नव्हती.

मोहाखाली सगळे जंगल गोळा झाले होते. कुणी पुढे चालायचे, कुणी मागे, यावरून कल्लोळ माजला होता. "पाणी आहे," लेक म्हणाली. कुणी ऐकले नाही. ती थोडी पुढे सरकून पुन्हा म्हणाली, "नदीत पाणी आहे." तेवढ्यात एका सांबराचा खूर तिच्या नाकाजवळ आदळला आणि ती गोल झाली.

आत अंधार होता, खवल्यांचा ओळखीचा वास होता. बाहेर कुणीतरी म्हणत होते, "पाडसं मधोमध ठेवा. जी मागे राहतील त्यांच्यासाठी थांबायचं नाही." लेकीने ते ऐकले.  ती भीत भीतच उघडली आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

वानराच्या पोराला ती फांदीवरून दिसली. त्याने जीव खाऊन आरोळी ठोकली, "थांबा सगळे! ती काहीतरी सांगतेय!" आणि स्वतःची शेपूट तोंडात धरली.

"वळणावर, दरडीखाली, वाळूत पाणी आहे," लेक म्हणाली. "आम्ही रोज पितो."

 मग थोरला रानडुक्कर गुरगुरला, "रोज पिता? आणि आम्ही इथं चिखल चाटतोय?"

 पण ती गोल झाली नाही. "हो. आधीच सांगायला हवं होतं. चुकलं. आता सांगतेय."

पुढचे ऐकायला कुणी थांबले नाही. सगळे जंगल वळणाकडे धावले. झिरा अरुंद होता आणि भोवती भुसभुशीत वाळू होती. काठावर तीन-चार जनावरे एकदम चढली, तशी वाळू ढासळली आणि होते नव्हते ते पाणी तिच्याखाली गडप झाले. थोरला रानडुक्कर तरीही पुढेच रेटत होता. त्याच्या मागून सांबरे रेटत होती.

तेव्हा त्याचे स्वतःचेच पिल्लू त्याच्यासमोर आडवे उभे राहिले. "बाबा, मागे व्हा."

"बाजूला हो, कार्ट्या!"

"नाही होणार. सगळे एकदम चढले की वाळू पडते. एकेकानंच यायचं. आधी भेकराची पाळी, मग पाडसाची, मग माझी. तुमची माझ्यानंतर."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आजीनं. मला रोज सगळ्यात मागे उभं करून."

पलीकडे वानराचे पोर आपल्या मावश्यांना झाडावरच थांबवून धरत होते. पाडस सांबरांच्या पुढ्यात उभे राहून बारीक आवाजात, पण न अडखळता सांगत होते, "इथं आमची रांग आहे. तुम्ही आमच्यामागे या." एवढ्याशा पोरांपुढे दांडगाई कशी करायची, हे मोठ्यांना कळेना. रानडुक्कर दोन पावले मागे सरला. तो सरला तसे बाकीचेही सरले. म्हातारी नीलगाय लांब उभी होती. ती तिथूनच पोरांकडे बघत होती.

काठ मोकळा झाल्यावर लेक खड्ड्यात उतरली आणि खणू लागली. डुकराचे पिल्लू नाकाने वाळू बाजूला सारू लागले. पण वाळू कोरडी होती. जेवढी काढावी तेवढी पुन्हा घसरे. लेकीचे पंजे अजून कोवळे होते. तिला दम लागला. इतक्यात तिच्या शेजारी दुसरे दोन पंजे वाळूत घुसले. ते मोठे होते आणि त्यांतला एक वाकडा होता. आई आली होती. ती लेकीकडे न बघता म्हणाली, "सरळ खाली नाही खणायचं. उतार ठेवायचा. म्हणजे ढासळत नाही." आणि तिने अधू पायानेच खड्डा चांगला रुंद केला. काही वेळाने तळ ओला झाला. मग पाणी झिरपले.

रांग लागली. प्रत्येकाने थोडे थोडे प्यायचे, झिरा भरेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, असे ठरले. आई खड्ड्यातून वर आली आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पाडसाची पाळी आली तेव्हा ते मागे वळून म्हणाले, "काकू, तुम्ही एवढं खणलंत. आधी तुम्ही प्या."

सगळ्यांनी आईकडे पाहिले. इतके डोळे तिच्याकडे एकदम कधी वळले नव्हते. तिची पाठ जराशी वाकली. लेकीला वाटले, आता ही गोल होणार.

"तुझं होऊ दे, बाळा," आई म्हणाली. "मी थांबते."

झिऱ्याचे पाणी कुणालाच पोटभर पुरले नाही. पण मृगापर्यंत ते आटले नाही, आणि त्या वर्षी एकाही पिल्लाला जंगल सोडावे लागले नाही.

तात्पर्य : आपल्याजवळचे सांगायला धीर लागतो आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यायला सबुरी लागते; चारचौघांत वावरल्याखेरीज यांतले एकही अंगी येत नाही.