दगड नसलेला ढीग

"तो ढीग आपलो न्हय, ह्या माझ्या दादाक कोणीच कसा सांगूक नाय?"

फार फार वर्षांमागे सह्याद्रीच्या पायथ्याला, करमळवाडीत, बुधा दारोदार हे विचारत फिरला.

वाडीतली माणसं चैत्रात रानातला पातेरा, म्हणजे वाळकी पानं, गोळा करून ढीग लावतात. पुढे तो शेतात जाळतात, मग त्या जागी भाताची रोपं होतात. नागराज या लांबलचक विषारी सापाची मादीही पानांचा ढीग लावते, अंड्यांसाठी. तिला हात नाहीत. अंगाच्या वेटोळ्यात पानं ओढून आणते. ढीग मात्र आपल्यासारखाच. बुधाचा दादा आपला ढीग समजून तो उचलायला गेला, आणि परत आला नाही.

बुधा बावीस वर्षांचा, पाटीवर चार अक्षरं गिरवून पळालेला, तापट. भर दुपारी पेटती चूड घेऊन तो ढीग जाळायला धावला. मादी उठली. असं म्हणतात, ती माडाएवढी उभी राहिली. माड नसेल, पण त्याच्या छातीइतकी नक्की. कुत्र्यासारखी गुरगुरली. तो पुढे झाला तशी झेपावली, पण तोंड मिटलेलं, आणि वीतभर अलीकडे थांबली. तो मागे सरला, ती खाली बसली. तीनदा तो पुढे झाला, तीनदा तिने बजावलं.

म्हणजे दादालाही हिने सांगितलं असणार. पातेऱ्याच्या खरखरीत त्याला ऐकू गेलं नसेल.

बुधाने चूड पायाखाली विझवली आणि तिथेच बसून पोटभर रडला.

मग तो रोज लांबून बघायला जाऊ लागला. मादी हलत नव्हती, खात नव्हती. अंडी फुटायच्या आदल्या दिवशी ती निघून गेली. तिचं खाणं म्हणजे दुसरे साप. भुकेल्या पोटी स्वतःची पिल्लं ओळखू आली नाहीत तर, म्हणून जाते, असं म्हणतात.

पुढच्या चैत्रात बुधाने वाडीच्या प्रत्येक ढिगावर ओढ्यातला एकेक दगड ठेवला.

"खुळावलंस काय रे? साप दगडाक भियतत?" काकी हसली.

"सापासाठी नाय गे काकी. तिका दगड उचलूक येना नाय. दगड दिसलो तर ढीग आपलो. नाय दिसलो तर तिचो."

काकीचं हसू थांबलं. दुसऱ्या दिवशी तीच टोपलीभर दगड घेऊन आली.

त्यानंतर ढिगापाशी वाडीतलं एकही माणूस दगावलं नाही. आया निर्धास्त पोरांना रानात धाडू लागल्या. आजही करमळवाडीत पहिला दगड ठेवताना "बुधा, ह्यो आमचो" असं मोठ्याने म्हणतात, आणि दर घर एक ढीग दगडाविना सोडतं.

ते असं झालं. बुधा म्हातारा झाला, डोळे गेले. शेवटच्या चैत्रात चाचपडत तो साऱ्या ढिगांवरून फिरला, कुणाचा दगड घसरलेला असेल तो नीट बसवला. शेवटी स्वतःच्या ढिगापाशी आला. त्यावरचा दगड उचलला, आणि तो ढीग तिच्यासाठी मोकळा सोडून घरी गेला.