सात गावं, एकच गुरुवार

"येत्या गुरुवारी सातही गावांच्या बाजारात एकाच वेळी बसून बांगड्या विकायच्या! एका जरी गावात दिसली नाहीस, तर तुझी बाजारातली जागा जप्त!"

महाराजांनी सगुणाक्का कासारणीला हा हुकूम सोडला, तेव्हा मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. मी त्रिंबकपंत, संस्थानाचा दिवाण. मान डोलावणं हेच माझं मुख्य काम.

आमचं संस्थान केवढं? सात गावांचं! सोमवारी खैरीचा बाजार, मंगळवारी निमशेतचा, असे आठवड्याचे वार गावांनी वाटून घेतलेले. विकणारे आज इथं, उद्या तिथं. मला मात्र वाटलं, रोज एकाच गावात बाजार आणि बाकीची सहा गावं ओस, हेच आपलं मागासलेपण! बसलो आणि 'सर्व गावांची एकसमान भरभराट' अशी योजना लिहून काढली. सगळे बाजार गुरुवारीच, कारण महाराजांचा जन्म गुरुवारचा. एका दिवसात सात बाजार! महाराज खूश. मी तर स्वतःवरच फिदा!

पहिल्या गुरुवारी आम्ही घोड्यांवरून पाहणीला निघालो. खैरीत नुसतं मीठ! निमशेतला नुसते कांदे, आणि कांदेवाले एकमेकांनाच भाव सांगत बसलेले. तिसऱ्या गावात एकटी सगुणाक्का. पाटी भरलेली, एक बांगडी खपलेली नाही. साऱ्या संस्थानात कासारीण ती एकच.

"बाकीच्या गावांत का नाही गेलीस?" महाराज गरजले.

"देवानं दोनच पाय दिलेत, सरकार. दोन्ही इथंच आहेत."

"योजनेत खोट नाही महाराज, या लोकांच्या अंगातच आळस," मी कानाशी लागलो. कुठून अवदसा आठवली कोण जाणे! त्यातूनच तो हुकूम निघाला. सगुणाक्काचा चेहरा पांढराफटक पडला. बिचारी विधवा, बाजारातल्या जागेवरच तिचं पोट. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, भूक लागली होती.

पुढचा गुरुवार उजाडला. सगुणाक्का थेट राजवाड्याच्या चौकात! पाटी उतरवून ऐसपैस बसली.

"हुकूम मोडलास!" मी ओरडलो.

"छे हो, दिवाणजी! सातही गावांत गोणपाट अंथरून ठेवलेत. फक्त भवानी व्हायची राहिलीय."

"मग कर की पहिली विक्री! अडलंय कुठं?" महाराज बाहेर येत म्हणाले.

"सरकार, मीठ काय, कुणीही मापून द्यावं. बांगडी गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊनच भरावी लागते. त्यात बाजाराचा वार बदलला की पहिली भवानी राणीसाहेबांच्या हातानं, ही माझ्या सासूपासूनची रीत. ती मोडली तर राजवाड्याचाच अपमान! तेव्हा आधी राणीसाहेबांना सातही गावांत एकाच वेळी बसवा. जिथं जिथं त्यांचा हात, तिथं तिथं माझा हात आलाच म्हणून समजा!"

तेवढ्यात आतून राणीसाहेबांचा आवाज आला, "मी तयार आहे हो! बसवा सात ठिकाणी."

महाराजांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सात ठिकाणी? अरे, ही एकाच ठिकाणी आहे, तरी मी घरात खोकून शिरतो!" असं म्हणून ते जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"योजना रद्द! ज्या गावाचा वार त्या गावाला! आणि अक्का, तुझी जागा तुझ्या नातसुनेपर्यंत तुझीच. आणखी काय हवं, बोल!"

"निमशेतच्या ओढ्यावर साकव बांधा, सरकार. दर मंगळवारी तिथं पाय घसरतो अन् डझनभर बांगड्या फुटतात. मीठवाल्याचं मीठही भिजतं."

"दिला! आणि या दिवाणाचं काय करू?"

सगुणाक्कानं मला नखशिखांत न्याहाळलं. "साकव होईस्तोवर माझी पाटी यांच्या डोक्यावर द्या. डोकं चांगलं सपाट आहे, आतूनही काही हलत नाही."

महाराज पुन्हा पोट धरून हसले आणि म्हणाले, "दिली!"

साकव मी सोळा दिवसांत पुरा करून घेतला. आमच्या संस्थानात दुसरं कुठलंच विकासाचं काम इतक्या झपाट्यानं झालेलं नाही.