शेवग्याच्या शेंगांचा ‘श’

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, उजव्या कानाची शपथ. डाव्या कानाची घेता येत नाही, कारण डावा त्या दिवशी मठात नव्हता... म्हणजे तसा उजवाही नव्हता. पण ज्याने सांगितली त्याचे दोन्ही होते, आणि तो खोटं बोलतो ते फक्त इतर बाबतींत.

तर.

“टोचतं काय नेमकं?” मठातल्या आप्पांनी विचारलं.

“श,” पुष्कर म्हणाला.

“अख्खा?”

“नाही. सुरुवात टोचते. शेवट रेशमी आहे.”

आप्पांनी गंभीरपणे मान हलवली. लग्न जमत नाही, म्हैस आटली, कुणी काहीही सांगितलं तरी आप्पा अशीच मान हलवायचे.

मठ टेकडीवर, लहानसा. एक खोली, एक ओसरी, अंगणात एक गळका नळ. इअरफोनच्या नादाला लागलेल्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की आप्पांनी नुसता हात लावला की टोकदार आवाज गोल होतो. तेव्हापासून म्हशीवाले ओसरीच्या पायरीवर थांबायचे आणि इअरफोनवाले वर बसायचे.

त्या ग्रुपवर पुष्कर शिरोळेचा शब्द शेवटचा. एका इअरफोनच्या बेसबद्दल त्याने लिहिलं होतं, ‘सारवलेल्या अंगणात नारळ पडावा तसा.’ एवढ्यावर लोकांनी तो विकत घेतला होता.

आज मठात पाऊल ठेवल्या ठेवल्या तो म्हणाला होता, “आप्पा, तुमचा नळ पांढरी तीनच्या सुरात गळतोय.”

“गळतोय, एवढं मलाही कळलं होतं,” आप्पा म्हणाले होते.

आता पुष्करने खिशातून स्वतःचा इअरफोन काढला. त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने, अमृताने, मिळून बनवलेला.

“हा साधा नाही, आप्पा. प्लॅनर आहे. नेहमीच्या इअरफोनमध्ये पडद्याला मधेच धक्का बसतो. यात अतिशय पातळ पडदा असतो, दोन्ही बाजूंना चुंबकं, आणि मध्ये पडदा सबंध एकसारखा हलतो.”

“सँडविच.”

“सँडविच नाही, आप्पा.”

“मग?”

पुष्करने बराच विचार केला.

“सँडविचच,” तो म्हणाला.

मग त्याने डबी काढली. डबीत बारीक बारीक जाळ्या, स्पंजाचे ठिपके, रबरी चकत्या. कानात जाते त्या तोटीच्या तोंडावर यातली एक जाळी चिकटवायची. वीण बदलली की वरचा आवाज बदलतो. पहिली जाळी अमृताने लावली होती. पुष्करला त्यात ‘श’ टोचला. मग त्याने दुसरी लावली, मग तिसरी, मग तिसरीवर स्पंज. उन्हाळा गेला, गणपती गेले, ‘श’ काही गेला नाही.

“आज सहाच्या आत कुठली जाळी ते सांग,” अमृताने सकाळी बजावलं होतं. “मला कारखान्याला कळवायचंय. नाहीतर मी बाजूला होते. तू आणि तुझा ‘श’, दोघं मिळून काढा कंपनी.”

ती टेकडीच्या पायथ्याशी भज्यांच्या गाडीवर बसून होती. वर यायला तिने नकार दिला होता. हसू आवरणार नाही, म्हणाली.

“दे इकडे,” आप्पा म्हणाले.

इअरफोन घेऊन ते आतल्या खोलीत गेले. आतून काहीबाही सरकवल्याचा आवाज आला. एक डबा पडला.

बाहेर येऊन त्यांनी इअरफोन पुष्करच्या हातावर ठेवला.

“ऐक आता.”

पुष्करने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. ‘श’ तपासायला तो कायम तेच लावायचा. अमृताच्या आवाजातलं एकच वाक्य: शेवग्याच्या शेंगा शिजल्या.

त्याचे डोळे मिटले. भुवया वर गेल्या.

“आप्पा... केवढं मोकळं झालं. मघाशी अमृता माळ्यावर कोंडल्यासारखी वाटत होती, आता ओसरीवर येऊन बसलीय. ‘श’ म्हणजे लोणी. शेंगेतली बी न् बी सुटी लागतेय. काय केलंत?”

“चष्मा शोधला.”

“नाही, इअरफोनला काय केलंत?”

“तो खिशात होता.”

पुष्करने डोळे उघडले. आप्पांच्या नाकावर चष्मा होता. मघाशी नव्हता.

“म्हणजे तुम्ही हातसुद्धा...”

“नाही.”

“मग ग्रुपवरच्या सगळ्यांचे इअरफोन कसे सुधारले?”

“चष्मा मला कधीच जागेवर सापडत नाही.”

पुष्करने पुन्हा तेच वाक्य लावलं. ‘श’ टोचला. मघापेक्षा जास्त.

पायरीवरच्या म्हशीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली.

फोन थरथरला. अमृताचा मेसेज होता. ‘सहा वाजत आले. जाळी?’

“आप्पा, मी हे नाही सोडवलं तर अमृता जाईल,” पुष्कर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात ना रेशीम होतं ना लोणी.

आप्पांनी हात पुढे केला. इअरफोन या वेळी कानात घातला.

“उजवा डाव्या कानात गेला, आप्पा.”

“चालतंय.”

आप्पा ऐकत बसले. एकदा. पुन्हा. नळ टपटपत राहिला.

“पोरगी उपाशी आहे,” आप्पा म्हणाले.

“...काय?”

“ही. उपाशी आहे.”

“आप्पा, हे रेकॉर्डिंग आहे. मार्चमधलं.”

“मग मार्चमध्ये उपाशी होती.”

पुष्करला हसू आलं. हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. मागच्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे, हे त्याला त्यात ऐकू यायचं. अमृताच्या हातात दोन बांगड्या आहेत, त्यातली एक काचेची, हेही. लांब कुठेतरी शेजाऱ्यांच्या कुकरचं झाकण उघडतं, हे तर त्याने ग्रुपवर अभिमानाने लिहिलं होतं.

“वाक्य इथेच संपतं?” आप्पांनी विचारलं.

“नाही. पुढे थोडं होतं, ते मी कापलं.”

“काय होतं?”

“‘जेवायला ये.’”

“का कापलंस?”

“त्यात ‘श’ नाही.”

म्हशीवाल्याने आप्पांकडे पाहिलं.

पुष्करच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. कुकर शेजाऱ्यांचा नव्हता. अमृता त्या दुपारी त्याला जेवायला बोलवायला दारात आली होती. आणि तो म्हणाला होता, ‘थांब थांब, काय सुंदर श आहे, परत म्हण.’ मग पंखा बंद करून म्हण. मग पंखा लावून. मग माइक जवळ घेऊन. मग जरा लांबून. शेवटचं, सगळ्यात स्वच्छ आलेलं, ते त्याने ठेवलं होतं.

“मग जेवलात?” आप्पांनी विचारलं.

“...थंड झालं होतं.”

नळ टपटपला.

“फोन लाव तिला,” आप्पा म्हणाले. आणि लागल्यावर स्वतःच घेतला. “बाळ, खाल्लंस का काही?”

“दोन प्लेट भजी,” पलीकडून आवाज आला. “कोण बोलतंय?”

“मी आप्पा. वरून. ते शेवग्याचं वाक्य जरा रेकॉर्ड करून पाठव की.”

“परत? अहो आप्पा, मी त्या वाक्यापायी शेवगा खायचं सोडलंय.”

“सबंध पाठव,” आप्पा म्हणाले. “शेवटपर्यंत.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

मेसेज आला. पुष्करने इअरफोन कानात घातला. शेवग्याच्या शेंगा शिजल्या, जेवायला ये. आणि मागून भजीवाला विचारत होता, “कुठे शिजल्या, ताई?” आणि अमृता फिस्सकन हसली.

‘श’ टोचला नाही.

पण आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होता. पुष्करने स्पंज काढला. जाळी काढली. डबीच्या तळाशी पहिली जाळी होती, अमृताने लावलेली. ती चिकटवली आणि पुन्हा ऐकलं.

अमृता शेजारी बसून हसत होती. भज्यांचं तेलसुद्धा ऐकू येत होतं.

पुष्करने फोन लावला.

“पहिली,” तो म्हणाला.

“कुठली पहिली?”

“तू लावलेली.”

पलीकडे बराच वेळ फक्त तेल तडतडलं.

“हे मी मार्चमध्येच सांगितलं होतं, गाढवा.”

“तेव्हा ऐकू आलं नाही.”

“कळवते कारखान्याला. आणि खाली ये, भजी संपतायत.”

पुष्कर उठला. आप्पांच्या पायाला हात लावला आणि घाईने पायऱ्यांकडे वळला.

“दक्षिणा राहिली,” आप्पा मागून म्हणाले.

पुष्करने ओशाळून खिशात हात घातला. पाकीट बाहेर आलं. आप्पांनी पाकिटाकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर डबीवर होती.

“ही?” पुष्करने डबी छातीशी धरली. “आप्पा, ही गोळा करायला माझी उमेदीची वर्षं गेली. यात जपानची जाळी आहे.”

आप्पांनी हात पुढे केला. तसाच ठेवला.

म्हशीवाला श्वास रोखून बघत होता.

खालून कुठूनतरी अमृताची हाक आली. पुष्करने एकदा डबीकडे पाहिलं, एकदा पायऱ्यांकडे... आणि डबी आप्पांच्या हातावर ठेवली.

आप्पांनी झाकण उघडलं. चष्मा वर सरकवला. एक रबरी चकती चिमटीत धरून उजेडात निरखली. मग अंगणाकडे पाहिलं.

“बघू. यातलं एखादं नळाला बसेल.”