डोहाचं कर्ज

मोहर खरी की खोटी हे दाताने चावून बघत, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात एक काळा डोह होता. लग्नकार्याला भांडी कमी पडली की लोक काठावर नारळ-सुपारी ठेवून मागत. भांडी आपोआप वर येत. कार्य उरकलं की घासूनपुसून परत करायची, एवढीच अट.

राजधानीच्या वरच्या अंगाला धरण बांधायचं होतं आणि राजाकडे पैसा नव्हता. मग तोही नारळ घेऊन गेला. भर दुपार होती, पण डोहापाशी एक पाखरू बोलत नव्हतं.

पाण्यातून आवाज आला, "मोहरा देतो. तुझे केस पांढरे झाले की फेड. एकतर दीडपट मोहरा दे, मग भाव काही असोत. नाहीतर आज या मोहरांत जेवढं धान्य येतं, तेवढंच धान्य त्या दिवशी जितक्या मोहरांत येईल, तितक्या मोहरा दे."

प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, धान्याचा करार करा. स्वस्त पडेल. फक्त महागाई आवरून धरावी लागेल."

"आणि नाही आवरली तर? ठरलेला आकडा बरा," राजा म्हणाला. त्यात वावगं काही नव्हतं. खरी खोट पुढेच आहे.

धरण झालं. वर्षं गेली. एके सकाळी राजाने आरशात पाहिलं, तर डोकं पांढरंशुभ्र. दीडपट मोहरा आणायच्या कुठून? त्याने टांकसाळीत सोन्यात तांबं मिसळायला लावलं. वाड्याचा खर्चही त्याच मोहरांतून भागू लागला. बाजारात मूठभर ज्वारीला ओंजळभर मोहरा पडू लागल्या. राजाने मात्र तसल्याच मोहरांची पोती खुशाल डोहात रिकामी केली.

"महाराज, यात सोनं किती?" प्रधानाने विचारलं.

"आकडा बरोबर आहे ना? झालं तर मग."

डोहाने सगळ्या मोहरा गिळल्या. साधा बुडबुडाही आला नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरणाला चीर पडली. तसल्या मोहरा घेऊन कामाला यायला एकही गवंडी तयार होईना. राजा धापा टाकत डोहाकडे गेला. "मला हजार माणसं दे. धरणाखाली माझं अख्खं शहर आहे."

माणसं वर आली. निमूटपणे ओळीने धरणावर चढली. चिखलात त्यांची पावलं उमटत नव्हती. दगड उचलायला गेली की हात दगडातून आरपार जात. राजाने एकाचा खांदा धरला, तर मुठीत नुसतं गार पाणी आलं.

"अरे, हे काय दिलंस मला?" राजा रडकुंडीला आला.

आवाज अगदी शांत होता. "हजार आहेत. मोजून घे."

धरण फुटलं. टेकडीवर पळाले ते वाचले, शहर गेलं.

तात्पर्य: कर्ज आकड्यात ठरवा किंवा धान्यात, पण फेडताना त्याचं मोल मारू नका. मोल मारून फेडणाऱ्याला अडीनडीला पोकळ हातच मिळतात.